भागाकारातील बाकी

आमच्या वाचकांपैकी फारच थोड्यांनी खातेगांवचे नांव ऐकले असेल. मध्य प्रदेशातील देवास जिल्ह्याच्या आग्नेय टोकाला, नर्मदेच्या उत्तर तीरानजीक वसलेले हे तालुक्याचे गांव. याच तालुक्यात नेमावर हे क्षेत्र आहे. तेथील सिद्धनाथाचे प्राचीन देऊळ नर्मदेच्या परिक्रमावासीयांना ठाऊक असते, आणि अमरकंटकापासून समुद्रापर्यंत जाणाऱ्या नर्मदामाईचे नाभिस्थान ते हेच, अशी तेथील लोकांची श्रद्धा आहे. एके काळी हा मुलूख होळकरांच्या राज्यातील नेमावर जिल्ह्यात मोडत असे. आज तेथे मराठी बोलली जात नाही. लोक माळवी बोलतात, सोयाबीन व गहू पिकवतात, आणि दर पांच वर्षांनी भोपाळच्या विधानसभेवर आपला एक आमदार पाठवतात.

मग बेळगांव, खानापूर, निपाणीच्या वाचकांपुढे आम्ही खातेगांवची कथा का मांडावी, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, खातेगांवच्या मतदाराला जे भोगावे लागत आहे, तेच आमच्या खानापूरच्या मतदाराच्याही वाट्याला आले आहे. आपले दुखणे स्वतःच्या अंगावर असते तेव्हा त्याचे निदान करताना मन शांत राहत नाही; तेच दुसऱ्याच्या अंगावर पाहिले म्हणजे त्याचे मूळ अधिक स्पष्ट दिसते. शिवाय माळवा आणि बेळगांव ही परस्परांना परकी नव्हेत. देवासच्या गादीवर पवार घराणे होते, आणि बेळगांवजवळच्या सुळेभावी गावी जन्मलेला एक मुलगा कुमार गंधर्व म्हणून 1948 साली देवासला जाऊन राहिला व 1992 मध्ये तेथेच त्याने देह ठेवला. आणखीही एक नाते आहे. 1 नोव्हेंबर 1956 या एकाच दिवशी देवास मध्य भारतातून मध्य प्रदेशात गेले आणि बेळगांव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले. नकाशावर ओढलेल्या रेघेने माणसांची सरकारे बदलली, आणि ज्यांच्या घरांवरून ती रेघ गेली त्यांना मात्र कोणी विचारले नाही.

आज आम्ही त्या मोठ्या रेघेविषयी बोलत नाही. ते प्रकरण महाराष्ट्राने 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयात नेलेले आहे. आम्हाला बोलावयाचे आहे ते दुसऱ्या, बारीक रेघांविषयी. राज्याची सीमा निदान प्रत्येक शाळकरी मुलाला नकाशात दिसते. मतदारसंघांच्या सीमा दिसत नाहीत, आणि म्हणूनच त्या अधिक सावधपणे पाहाव्या लागतात.

देवास जिल्ह्यात विधानसभेच्या पांच जागा आहेत: देवास, सोनकच्छ, हाटपिपल्या, बागली आणि खातेगांव. पांचही ठिकाणच्या लोकांचा जिल्हाधिकारी एक, जिल्हा पंचायत एक. परंतु लोकसभेची निवडणूक आली की या एका जिल्ह्याचे तीन तुकडे होतात. 2008 मध्ये अमलात आलेल्या पुनर्रचनेनुसार देवास, सोनकच्छ व हाटपिपल्या हे देवास लोकसभा मतदारसंघात आहेत. बागली खंडव्याला जोडलेले आहे. आणि खातेगांव जोडलेले आहे विदिशेला. खातेगांवहून जिल्ह्याचे ठाणे देवास शंभर किलोमीटरहून अधिक दूर, आणि विदिशा त्याहूनही दूर, भोपाळच्या पलीकडे. खातेगांवच्या शेतकऱ्याला सातबाऱ्यासारख्या कागदाचे गाऱ्हाणे पश्चिमेकडे न्यावयाचे आणि खासदाराकडचे गाऱ्हाणे ईशान्येकडे. दोन दिशांना तोंड करून उभ्या राहिलेल्या माणसाचे ऐकून कोण घेणार?

यातील मौज अशी की, शेजारच्या सिहोर जिल्ह्यातील आष्टा ही जागा देवास लोकसभा मतदारसंघात आहे आणि देवास जिल्ह्यातील खातेगांव सिहोरच्या बुधनी व इछावर या जागांबरोबर विदिशेत आहे. जणू दोन शेजाऱ्यांनी एकमेकांच्या घरातील एकेक माणूस बदलून घेतला! यात आयोगाचा दुष्ट हेतू होता असे आम्ही म्हणत नाही. आष्टा व खातेगांव यांच्या लोकसंख्येचे, सलगतेचे व राखीव जागांचे गणित असेल. खातेगांव आणि बुधनी नर्मदेच्या एकाच काठावर आहेत, त्यांचे दैनंदिन दळणवळण आहे, हेही खरे. इंदूर व बुधनी यांना जोडणारा सुमारे 205 किलोमीटरचा जो रेल्वेमार्ग केंद्र सरकारने 2018 मध्ये मंजूर केला, त्याकडेही या पट्ट्याचे डोळे लागलेले आहेत. तेव्हा खातेगांव आंधळेपणाने फेकून दिले गेले असे नव्हे. परंतु खातेगांव देवास जिल्ह्याचे आहे आणि देवासच्या खासदाराचे नाही, ही वस्तुस्थिती त्यामुळे बदलत नाही.

हे असे का होते, ते वाचकांनी नीट समजून घ्यावे. 2001 च्या जनगणनेत मध्य प्रदेशाची लोकसंख्या 6 कोटी 3 लाख होती आणि लोकसभेच्या जागा 29. म्हणजे एका खासदारामागे सुमारे 20 लाख 80 हजार माणसे. देवास जिल्ह्याची लोकसंख्या होती सुमारे 13 लाख. तेव्हा एकट्या देवास जिल्ह्याचा एक खासदार होऊ शकत नाही. त्याला शेजाऱ्यांची जोड द्यावीच लागते. एक विधानसभा मतदारसंघ संपूर्णपणे एकाच लोकसभा मतदारसंघात असला पाहिजे, असा कायदा आहे. त्यामुळे अर्धे इकडे, अर्धे तिकडे असेही करता येत नाही. भागाकार केला की बाकी उरते. गणितात बाकी उरणे हा गुन्हा नव्हे. परंतु बाकी म्हणून कोणी उरावयाचे, हे गणित सांगत नाही. ते माणसे ठरवतात. जे जिल्ह्याच्या कडेला आहेत, ज्यांचा आवाज राजधानीत पोहोचत नाही, तेच बहुधा बाकी ठरतात.

आता हेच गणित आपल्या जिल्ह्यास लावून पाहा. कर्नाटकात विधानसभेच्या जागा 224 आणि लोकसभेच्या 28. म्हणजे एका खासदारामागे बरोबर आठ आमदार. बेळगांव जिल्ह्यात विधानसभेच्या जागा 18. आठ आणि आठ सोळा, उरल्या दोन. त्या दोन कोणत्या? एक कित्तूर आणि दुसरी आमची खानापूर. या दोन्ही जागा जिल्ह्याबाहेरच्या उत्तर कन्नड लोकसभा मतदारसंघास जोडलेल्या आहेत. बेळगांवच्या वेशीपासून पंचवीसएक किलोमीटरवर असलेला खानापूरचा शेतकरी बाजारासाठी, न्यायालयासाठी, मुलांच्या कॉलेजासाठी, इस्पितळासाठी बेळगांवला येतो. खासदारासाठी मात्र त्याने घाट उतरून कारवार, शिरसी, भटकळकडे पाहावयाचे. खातेगांवच्या माणसाला आपण विदिशेचे कसे झालो हे जसे उमगत नाही, तसेच खानापूरच्या माणसालाही आपण भटकळचे कसे झालो ते उमगत नाही.

कोणी म्हणेल की कारवार, सुपे, हल्याळ येथेही आपलीच माणसे आहेत. त्यांच्याबरोबर मतदान करण्यात वाईट काय? काहीही वाईट नाही. त्या बांधवांशी असलेले नाते आम्ही एका क्षणासाठीही विसरत नाही. परंतु आठ जागांच्या मतदारसंघात खानापूर व कित्तूर मिळून दोन. सहा जागा उत्तर कन्नड जिल्ह्याच्या. तेथील प्रश्न बंदरांचे, मासेमारीचे, किनाऱ्यावरच्या मार्गाचे. 2024 च्या लोकसभा निवडणुकीत खानापूरच्या माजी आमदार अंजली निंबाळकर त्या मतदारसंघात काँग्रेसच्या उमेदवार होत्या. विजयी झाले शिरसीचे विश्वेश्वर हेगडे कागेरी. आम्ही या वा त्या पक्षाची बाजू घेत नाही. आमचे म्हणणे एवढेच की, दोघांनी सहांना हरवणे कोणत्याही पाटीगणितात बसत नाही.

येथे एक आक्षेप येतो, व तो विचारात घेतला पाहिजे. मोठ्या मतदारसंघाला जोडले गेल्याने मोठा माणूस प्रतिनिधी म्हणून मिळतो, असे काहीजण सांगतात. खातेगांवचा अनुभव या बाबतीत बोलका आहे. विदिशेने 1971 मध्ये वृत्तपत्रसम्राट रामनाथ गोएंका यांना आणि 1991 मध्ये अटलबिहारी वाजपेयी यांना निवडून दिले; वाजपेयींनी लखनौ राखले व विदिशेची जागा सोडली. खातेगांव ज्या रचनेत आज आहे त्या रचनेत 2009 व 2014 मध्ये सुषमा स्वराज निवडून आल्या व पुढे परराष्ट्रमंत्री झाल्या. 2024 मध्ये शिवराजसिंह चौहान आठ लाखांहून अधिक मताधिक्याने निवडून आले व केंद्रीय कृषिमंत्री झाले. असे थोर प्रतिनिधी लाभणे भूषणाचे खरे. परंतु 2009 मध्ये विदिशेत काँग्रेसच्या उमेदवाराचा अर्जच बाद झाला आणि मतदारापुढे खऱ्या अर्थाने निवड उरली नाही. जेथे आठ लाखांचे मताधिक्य मिळते, तेथे एखाद्या कोपऱ्यातील तालुका रुसला काय नि फुगला काय, निकालात फरक पडत नाही. मताचे मोल त्याच्या संख्येवर असतेच. पण ते हरवण्याची धास्ती उमेदवाराला वाटण्यावरही असते. ज्याचे मत हरवले तरी चालते, त्याचे गाऱ्हाणे ऐकण्याची घाई कोणाला असते?

विधानसभेची गोष्ट निराळी. तेथे खातेगांव स्वतःच्या नांवाने बोलते. आशिष गोविंद शर्मा यांना तेथील मतदारांनी 2013, 2018 व 2023 असे सलग तीन वेळा भारतीय जनता पक्षातर्फे निवडून दिले. 2018 मध्ये राज्यभर वारे फिरले, काँग्रेसने 114 व भाजपने 109 जागा मिळवल्या, देवास जिल्ह्यातील सोनकच्छ व हाटपिपल्या काँग्रेसकडे गेले. परंतु खातेगांव हलले नाही. तेथील मतदार आपले मत विचारपूर्वक देतो व दिले की त्यावर ठाम राहतो, एवढे त्यावरून दिसते. कोणाला मत द्यावे हे सांगण्याचा अधिकार आम्हाला नाही. ते मत कोणत्या चौकटीत मोजले जाते, हा प्रश्न मात्र सर्वांचा आहे.

या चौकटीच्या रेघा राजकारणी माणसालाही कशा फिरवतात, याचे उदाहरण त्याच जिल्ह्यात आहे. मध्य प्रदेशाचे माजी मुख्यमंत्री कैलास जोशी 1962 पासून बागलीतून सलग आठ वेळा निवडून आले. त्यांचे पुत्र दीपक जोशी 2003 मध्ये त्याच बागलीतून विधानसभेत गेले. 2008 च्या पुनर्रचनेत बागली अनुसूचित जमातींसाठी राखीव झाली. जेथे आदिवासी बांधवांचे प्रमाण मोठे तेथे त्यांचा प्रतिनिधी असावा, हे न्याय्यच आहे. जोशी हाटपिपल्याला गेले व तेथून दोन वेळा जिंकले. 2018 मध्ये ते हरले. ज्यांनी हरवले ते काँग्रेसचे आमदार 2020 मध्ये त्यांच्याच पक्षात आले व पोटनिवडणुकीत त्या पक्षाचे उमेदवार झाले. अखेर 2023 मध्ये जोशी काँग्रेसमध्ये जाऊन खातेगांवात उभे राहिले व पराभूत झाले. बागली, हाटपिपल्या, खातेगांव: एकाच जिल्ह्यात तीन घरे! उमेदवाराला रेघ बदलली तर घर बदलता येते, प्रसंगी पक्षही बदलता येतो. मतदाराचे तसे नाही. त्याचे शेत, त्याची विहीर, त्याचे मतदान केंद्र जागच्या जागीच असते. रेघेची झळ खरी लागते ती त्याला.

सीमाभागातील वाचकांना हे काही नवीन नाही. 2008 मध्ये न्या. कुलदीप सिंग यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाची रचना अमलात आली, आणि त्या रचनेनुसार पहिली विधानसभा निवडणूक झाली ती कर्नाटकात, त्याच वर्षीच्या मे महिन्यात. उचगांव व बागेवाडी हे मतदारसंघ नाहीसे झाले. जुना बेळगांव मतदारसंघही गेला. त्यांच्या जागी बेळगांव उत्तर, बेळगांव दक्षिण व बेळगांव ग्रामीण आले. त्या निवडणुकीत महाराष्ट्र एकीकरण समितीचा एकही उमेदवार विजयी झाला नाही. परंतु सारा दोष रेघांच्या माथी मारून आम्ही मोकळे होणार नाही. त्याच रेघांच्या आत 2013 मध्ये बेळगांव दक्षिण व खानापूर या दोन जागा समितीने जिंकल्या होत्या. 2018 मध्ये खानापुरात समितीच्या दोन गटांचे दोन उमेदवार उभे राहिले आणि हातची जागा गेली. ती रेघ कोणत्याही आयोगाने ओढली नव्हती. ती आपणच आपल्या अंगणात ओढली. बाहेरच्या रेघांशी लढावयाचे असेल तर आधी ही घरातली रेघ पुसावी लागेल, हे आम्ही यापूर्वीही म्हटले आहे व आजही म्हणतो.

आता पुढचे पाहू. लोकसभेच्या व विधानसभांच्या जागांची संख्या 1976 मध्ये गोठवण्यात आली, आणि 2002 मध्ये अमलात आलेल्या 84 व्या घटनादुरुस्तीने ती मुदत 2026 नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत लांबवली. 1 मार्च 2027 हा पुढील जनगणनेचा संदर्भदिनांक सरकारने 2025 मध्ये जाहीर केला. 2023 मध्ये झालेली महिलांच्या एकतृतीयांश आरक्षणाची घटनादुरुस्तीही जनगणना व पुनर्रचना यांच्याशीच बांधलेली आहे. दक्षिणेच्या जागा कमी होतील की उत्तरेच्या वाढतील, यावर मोठमोठे पुढारी बोलत आहेत. त्यांनी बोलावे. परंतु त्या मोठ्या वादाच्या गदारोळात खानापूर कोठे जाणार, निपाणी कोठे जाणार, बेळगांव ग्रामीणचे कोणते गांव कोणत्या मतदारसंघात पडणार, हा प्रश्न विचारण्यास दिल्लीहून कोणी येणार नाही. तो आपणच विचारला पाहिजे.

विचारावयाचा तोही वेळेवर. गेल्या आयोगाच्या कायद्यात याची रीत घालून दिलेली होती. आयोगास प्रत्येक राज्यात दहा सहसदस्य, पांच खासदार व पांच आमदार. परंतु त्यांना मताचा अधिकार नाही. आयोगाने आपला मसुदा राजपत्रात प्रसिद्ध करावयाचा, हरकती व सूचनांसाठी मुदत द्यावयाची, जाहीर बैठका घ्यावयाच्या, आणि नंतर अंतिम आदेश काढावयाचा. मतदारसंघ भौगोलिकदृष्ट्या शक्यतो आटोपशीर असावा. निसर्गाची ठेवण, प्रशासकीय सीमा, दळणवळणाच्या सोयी आणि लोकांची सोय ध्यानात घ्यावी, असेही कायद्याने सांगितले होते. ‘लोकांची सोय’ हे शब्द कायद्यात आहेत. पण लोक बोलल्याखेरीज त्यांची सोय कोणाला कळणार?

एकदा अंतिम आदेश राजपत्रात आला की दार जवळजवळ बंद होते. याचा अनुभवही माळव्यानेच घेतला आहे. उज्जैनची लोकसभेची जागा अनुसूचित जातींसाठी राखीव केल्याविरुद्ध तेथील एक नागरिक मेघराज कोठारी न्यायालयात गेले. 1966 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, प्रसिद्ध झालेला आदेश कायद्याइतकाच बळकट असून त्यास न्यायालयात आव्हान देता येत नाही. 2024 मध्ये त्याच न्यायालयाने, आदेश उघडउघड मनमानीचा असेल तर दाद मागता येईल, इतकी फट ठेवली आहे. परंतु फटीतून प्रकाश येतो, गाडी जात नाही. ज्या काळात दार सताड उघडे असते तो काळ मसुदा आणि अंतिम आदेश यांच्या मधला. आणि तो थोडका असतो.

म्हणून सीमाबांधवांना आमचे सांगणे आहे. प्रत्येक गावातील चार जाणत्या माणसांनी आतापासूनच आपल्या गावाचा कागद तयार करावा: आमची लोकसंख्या इतकी, आमचा बाजार अमुक गावी, न्यायालय व इस्पितळ अमुक ठिकाणी, अंतर इतके, बस इतक्या. हा कागद रागाने नव्हे, आकड्यांनी भरलेला असावा. आयोगापुढे भावना मांडणारे पुष्कळ येतात. नकाशा आणि कोष्टक घेऊन येणारे थोडे. ग्रामपंचायतींनी ठराव करावेत, वकिलांनी त्यांना कायद्याची भाषा द्यावी, शिक्षकांनी नकाशे काढून द्यावेत. खानापूरला बेळगांवबरोबर ठेवले तर दुसरे कोणी बाकी म्हणून बाहेर जाईल, हेही आपण विसरू नये. त्यांच्यावर तोच अन्याय लोटून देणे आमच्या मनात नाही. बेळगांव जिल्ह्याची लोकसंख्या 2001 मध्येच 42 लाखांवर गेली होती. नव्या जागा निघाल्या व नवा भागाकार झाला, तर ही बाकी मिटविण्यास वाव मिळू शकेल. तो वाव शोधणे हेच काम आहे, आणि त्या कामी शेजारच्या कन्नड भाषिक बांधवालाही बरोबर घेता येईल. कारण कित्तूरही आमच्यासारखेच बाकी राहिले आहे.

खातेगांवच्या मतदाराला आमचे हे शब्द कदाचित कधी वाचावयास मिळणार नाहीत. तो मराठी वाचीत नाही, आणि आमचे पत्र नर्मदेपर्यंत जात नाही. तरी आम्ही त्याची आठवण काढली, कारण आपल्यासारखाच दुसरा कोणी दूरच्या मुलखात उभा आहे हे कळले की आपला लढा केवळ आपल्या भाषेचा न राहता न्यायाचा होतो. लोकशाहीत प्रत्येक माणसाला एक मत आहे, असे आपण अभिमानाने सांगतो. ते मत ज्या घरात मोजले जाते त्या घराच्या भिंती कोठे असाव्यात, हे सांगण्याचाही त्याला अधिकार आहे. भिंती बांधून झाल्यावर तक्रार करणारा हा भाडेकरू ठरतो; पाया खणला जात असताना जो तेथे उभा राहतो, तोच घराचा धनी असतो. या वेळी पाया खणला जाईल तेव्हा सीमाभागातील मतदार तेथे हजर असला पाहिजे.